फिरता पीस

अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या बाईला मुरुममध्ये दोनच प्रश्न विचारतात. सोनं आता घ्यावं का थांबावं, आणि सोयाबीन विकावं का ठेवावं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनीसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर धाराशिवच्या एका पेपरात दर बुधवारी सदर लिहायला लागले, आणि भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत असताना लोक शेजारी येऊन हळूच पुटपुटायला लागले, "मॅडम, सोन्याचं काय?" मला ते कळत असतं तर मी मेथीच्या भावावरून घासाघीस करत उभी राहिले असते का? पण असं म्हटलं की माणसं हिरमुसतात. म्हणून आता मी जरा आभाळाकडे बघते, थोडा वेळ घेते आणि "थोडं थांबा" म्हणते. सगळ्यांना हेच सांगते. ज्यांचं भलं होतं ते पेढे आणतात आणि ज्यांचं होत नाही ते दुसऱ्या गल्लीने जातात.

संपादकांनी सदर देताना एकच अट घातली होती. वाचणाऱ्याचा चहा निवायच्या आत लेख कळला पाहिजे. त्यामुळे मी उदाहरणं घरातली आणि गल्लीतली घ्यायला लागले. महागाई समजावताना कोपऱ्यावरच्या भजीवाल्याची प्लेट घेतली. भाव तोच ठेवून त्याने भजी कशी कमी केली ते लिहिलं. तो आता माझ्या प्लेटमध्ये जास्तीची भजी टाकतो आणि वर म्हणतो, "ह्ये बी लिवा." एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, हे सांगताना मी आमच्या ह्यांची दुपारची झोप घेतली. तेव्हापासून हे गच्चीवरच्या खोलीत जाऊन झोपतात. वाचकांना हसू यायचं, संपादक खूश असायचे, आणि मला, खरं सांगते, चटक लागली.

मग एका बुधवारी विषय आला, पैसा म्हणजे काय. याची पुस्तकातली व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली होती. पोरांनी ती उतरवून घेतली होती आणि दोन्ही बाजूंना काहीही झालं नव्हतं. या वेळी मी झंपरपीस घेतला.

आपल्याकडे बाई दारात आली, तिचा मान करायचा, की कुंकू लावून पीस हातात ठेवायचा. बारसं असो, डोहाळजेवण असो, वास्तुशांत असो, पीस आहेच. हे पीस सहसा कुणी शिवत नाही. ते कपाटात जातात आणि पुढच्या कार्यात दुसरीच्या हातात पडतात. लेखात मी एक पोपटी पीस केला. पोपटी रंग मी मनानेच घातला होता. काठाला सोनेरी पट्टी, आणि कुठल्याच साडीवर न जाणारा. तो मुरुमच्या बाजारात विकत घेतला गेला, बारशाला उमरग्याला गेला, तिथून अणदूरला कुणाच्या ओटीत पडला, अणदूरच्या खंडोबाला आलेल्या पाहुणीबरोबर आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेला, आणि वाशीहून एका लग्नात परत मुरुमला आला. एवढ्या प्रवासात त्याला एकदाही कात्री लागली नाही. तो कुणालाच नको होता आणि प्रत्येकीने हसून घेतला, कारण पुढचीही हसून घेणार हे तिला ठाऊक होतं. हाच पैसा, असं मी लिहिलं. नोटेचाही कुणी झंपर शिवत नाही. आणि हे सगळं चालतं ते एका अटीवर, असंही लिहिलं. देणारीच्या समोर घडी उघडायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेख चांगलाच झाला होता. अजूनही माझं हेच म्हणणं आहे.

सकाळी सातला पहिला फोन अणदूरहून आला, माझ्या सासूबाईंच्या नणंदेचा. वयाने मोठ्या, मानाच्या बाई. "सूनबाई, त्यो पोपटी पीस आमच्याकडनंच आलता. पर म्या त्यो दुकानातनं नवा घेतलता. फिरता न्हवता." मी म्हटलं, अहो, तो खरा पीस नाहीच, मी मनाने रचलेला आहे. त्या म्हणाल्या, "मनानं रचायला तुला आमचाच पीस घावला व्हय?" आणि फोन ठेवला. दुपारपर्यंत उमरग्याहून एक आणि आमच्याच गल्लीतून एक, अशा आणखी दोघी त्याच पोपटी पीसचा खुलासा करून गेल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण तेव्हा मला आपल्या लेखणीची गंमत वाटली. एक नसलेला पीस तीन घरांतून निघाला, हे फार कमी लेखकांना जमतं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, नजर शाबूत आणि जीभ नजरेहून शाबूत. त्या सातवी पास आहेत आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. माझं सदर त्या दर बुधवारी चष्मा लावून वाचतात, पेपर बाजूला ठेवतात आणि "बरं हाय" म्हणतात. यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी त्यांच्या मुलाचंही केलेलं नाही. त्या दिवशी लेख त्यांनी परत वरपासून वाचला.

"ह्ये समद्या जिल्ह्यात गेलं?"

"हो, आत्या."

"मग आता नातीच्या लग्नात म्या काय देऊ?"

तेव्हा कुठे मला पुढचं दिसलं. माझ्या मुलीचं लग्न वाशीच्या मुलाशी ठरलं होतं आणि वैशाखात मुरुमलाच होतं. आणि आत्यांची पेटी.

ही पेटी पत्र्याची, त्यांच्या पलंगाखाली असते आणि किल्ली त्यांच्या कमरेला. तिच्यात आयुष्यभर आलेले पीस आहेत. त्यांची रचना कुठल्याही बँकेला लाजवील अशी. डाव्या हाताला उमरग्याकडून आलेले, उजव्या हाताला तुळजापूरकडून आलेले, मध्ये कर्नाटकातल्या सोयऱ्यांचे. चिठ्ठी नाही, खूण नाही. नियम एकच, ज्या घरातून पीस आला त्या घरात तो परत जाता कामा नये. आत्यांच्या हातून ही चूक कधी झाली नाही. लग्नसराईत गल्लीतल्या सुना त्यांच्याकडे येऊन विचारायच्या, "ह्यो कुणी दिलता वो आमाला?" आणि आत्या पीसकडे नुसतं बघून घर सांगायच्या. त्यांचा गावातला दरारा होता तो या पेटीमुळे. नातीच्या लग्नात भावकीतल्या आणि सोयऱ्यांतल्या प्रत्येक बाईचा मान करायचा आणि पेटी रिकामी करूनच जायचं, असं त्या कितीतरी वर्षं सांगत आल्या होत्या. जायचं म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नसे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सासरे गेले तेव्हापासून आत्या स्वतःच्या हाताने पीस देत नाहीत. आमच्याकडे मानाचं देणं सवाष्णीच्या हातून व्हावं असं मानतात. कार्य असलं की त्या आतल्या खोलीत पेटीपाशी बसतात, पीस निवडतात, कुणाला द्यायचा ते सांगतात, आणि बाहेर जाऊन देते मी. मला स्वतःला काही द्यायचं झालं तरी त्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात आणि मी उचलून घेते. मला ही रीत मनापासून आवडत नाही. एकदा मी म्हटलंही, तुमचीच पेटी, तुम्हीच द्या. "लेकराच्या कार्यात कुणाच्या मनात काय यायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही, पण दर वेळी पीस घेऊन बाहेर जाताना मला राग यायचा. निवड त्यांची, आठवण त्यांची, आणि "बाई, किती चांगला पीस दिला हो" हे कौतुक माझं.

तर अशात संक्रांत आली. घरोघरी हळदीकुंकू. आमच्या शेजारणीकडे बायका जमल्या होत्या, तिळगूळ वाटून झाला, पीस वाटायला सुरुवात झाली. माझी थोरली चुलत जाऊ पहिल्या रांगेत होती. तिच्या घरची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी आधी तिथे दळली जाते. तिने पीस घेतला, कपाळाला लावला, आणि सगळ्यांच्या देखत घडी झटकली. असं याआधी कुणी केलेलं नव्हतं. ती उठली आणि पीस तिने ट्यूबलाइटपुढे धरला. त्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. मग तिने वीत घालून तो मोजला.

"बाहीला पुरंना," ती म्हणाली.

शेजारीण लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिने जाऊबाईंच्या घरचा पीस उघडला, आणि तो घडीवर विटलेला निघाला. मग कुणी कुणाला आवरेना. रथसप्तमीपर्यंत मुरुममध्ये एकही घडी शाबूत राहिली नाही. आखूड पीस निघाले, कसरीने खाल्लेले निघाले, एक तर चक्क उशीच्या अभ्र्याचं कापड निघालं. "फिरता हाय का कोरा?" हे बायका तोंडावर विचारायला लागल्या. मग पीस देणंच बंद झालं. कुणी स्टीलची वाटी दिली, कुणी प्लास्टिकची डबी, एकीने अंगाच्या साबणाची वडी दिली. लोकांचा विश्वास उडाला की चलन बुडतं आणि माणसं वस्तूंकडे पळतात, हे मी जन्मभर शिकवलं होतं. आता ते माझ्या गल्लीत घडत होतं आणि मला लाज वाटायच्या ऐवजी आनंद होत होता. त्यावरही एक लेख लिहायला मी बसलेच होते.

आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिहायलीस?"

"काही नाही, आत्या."

"लिही, लिही. आता माझ्या पेटीवर बी लिही. माझी समदी इज्जत त्या पेटीत हाय, ती बी छापून टाक."

मी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी उपाय शोधायला लागले. अर्थशास्त्र शिकलेल्या बाईला चलन सावरता येऊ नये म्हणजे काय? पहिला उपाय, जुने पीस बाजूला ठेवायचे आणि सोलापूरहून कोरे, दुकानाचं लेबल चिकटवलेले पीस ठोक भावात आणायचे. आत्या म्हणाल्या, "लेबल लावून मान करतेत व्हय कुणी?" दुसरा उपाय, सरळ पाकीट द्यायचं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्या काय पगार वाटायले?" तिसरा उपाय म्हणून मी गिरणीवर गेले आणि जाऊबाईंना विनवलं, लग्नात तेवढी आत्यांच्या पीसची घडी उघडू नका.

जाऊबाईंनी गिरणी बंद केली नाही. त्या आवाजावर ओरडून बोलल्या, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू आलं. "आता का? लिहिताना कळंना व्हय? माझा पीस उघडा पडला, शेजारणीचा पडला, आन थोरल्यांचा तेवढा झाकायचा? पहिल्या पीसचा मान माझाच हाय. म्या तर उघडणार." मग पायली रिकामी करत म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात ते खोटं न्हाय."

न्याय म्हणून पाहिलं तर त्यांचं चुकत नव्हतं, आणि हेच मला सर्वांत झोंबलं. घरी येऊन मी आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नुसतं "पहिला मान तिचाच हाय" म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या.

त्यानंतर आत्यांचं काहीतरी सुरू झालं. दुपारचं ऊन कलतं न कलतं तोच त्या पिशवी घेऊन बाहेर पडायच्या. एकेक दिवस एकेक घर. मी चौकशी केली तेव्हा कळलं, नातीसाठी वाकळ शिवायची म्हणून त्या प्रत्येक बाईकडून एकेक जुना झंपर मागत होत्या. "तुझ्या अंगचं कापड माझ्या नातीच्या अंगावर राहू दे, तेवढाच आशीर्वाद." असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? जाऊबाईंनीही दिला. अणदूरच्या नणंदबाईंनी तर एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. आशीर्वाद द्यायचा तर चालू वापरातला झंपर कोण देतं? बायकांनी ट्रंका उघडल्या आणि तळाशी पडलेले, कधीच अंगात न जाणारे झंपर काढून दिले. माझ्याकडे मात्र आत्यांनी मागितला नाही. मला वाईट वाटलं. माझा आशीर्वाद मुलीला आपोआपच पोहोचतो असं समजून मी गप्प बसले.

मग पेटीही हलकी व्हायला लागली. आत्या पीसचं गाठोडं बांधायच्या, रिक्षा बोलवायच्या आणि बाजारातल्या शिलाईवालीकडे जायच्या. ही शिलाईवाली कर्नाटकातून मुरुमला दिलेली, आत्यांना अव्वा म्हणते. मी तिला विचारलं, एवढे पीस कशाला? तिने मशीन थांबवलं नाही. "अस्तर, मॅडम. अव्वा म्हणली वाकळीला अस्तर."

त्या दिवशी मी बाजारातून चालत घरी आले आणि वाटेत कुणाशी बोलले नाही. म्हणजे आत्यांनी हार मानली होती. ज्या पीसमागचं घर त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, ते सगळे वाकळीच्या पोटात जाणार होते, आणि हे मी केलं होतं एका बुधवारच्या लेखापायी. तो लेख बरोबर होता म्हणून मला बरं वाटेना. मी ह्यांना सोलापूरला पाठवलं आणि लेबलवाले कोरे पीस आणवले. आत्यांनी ते पाहिले, "ठिऊन दे" म्हणाल्या, आणि विषय संपवला.

लग्न लागलं. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, माईकवर पुरुषांचे आहेर पुकारायला लागले, आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीत बायका सतरंजीवर जमल्या. मी सोलापूरच्या गठ्ठ्याची दोरी सोडत होते, तेवढ्यात दोन पोरी आत्यांची पेटी उचलून घेऊन आल्या. मागून आत्या आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि कमरेची किल्ली काढली.

"आत्या, अहो त्यात आता काय आहे?" मी कुजबुजले.

"तू कुकू लाव," त्या म्हणाल्या.

पहिला मान जाऊबाईंचा. मी कुंकू लावलं. आत्यांनी पेटीतून एक घडी काढून माझ्या हातात दिली आणि मी ती जाऊबाईंना दिली. जाऊबाईंनी घडी कपाळाला लावली आणि जराशा घुटमळल्या. कितीही झालं तरी समोर थोरली सासू होती.

"उघड की," आत्या म्हणाल्या. "उघडाया आलीस न्हवं? उघड."

जाऊबाईंनी घडी झटकली. तो शिवलेला झंपर होता. हुक लावलेला, गळ्याला नाडी, बाहीला काठाची पट्टी, आतून मऊ सुती अस्तर. ट्यूबलाइटपुढे धरण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. जाऊबाईंनी तो उलटसुलट केला, मग अंगाला लावून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. वाकळीला दिलेले ते सगळे जुने झंपर आत्यांनी मापाला लावले होते. जाऊबाईंनी तळातून काढून दिलेला झंपर त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला असावा. तेव्हा त्या सडपातळ होत्या, असं म्हणतात.

"बसंना व्हय?" आत्यांनी अगदी काळजीने विचारलं. "माप तर तूच दिलतंस."

आता बसत नाही म्हणावं, तर नवरीला आशीर्वाद म्हणून टाकाऊ झंपर दिला हे कबूल करावं लागणार. शिवाय अंग भरलं हे चारचौघीत बोलावं लागणार. जाऊबाईंनी झंपराची परत घडी घातली.

"बसतंय की. जरा उसवून घेतलं की बसतंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी खोली हसायला लागली, आणि बघता बघता जाऊबाईही हसल्या. पण हसताना प्रत्येक बाई मनात आठवत होती, आपण कुठला झंपर दिला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला होता; शिलाईत आत्यांची कितीतरी महिन्यांची पेन्शन गेली असणार. अर्थशास्त्राच्या कुठल्याही हिशेबात हे बसत नव्हतं. पण कात्री लागलेला पीस आता कुणाला पुढे देता येणार नव्हता. आत्यांनी चलनच मोडीत काढलं होतं.

मी पुढची घडी उचलली. "हा कुणाचा?" घडीवर नाव नव्हतं. पेटीत सगळे झंपर एकावर एक, आणि प्रत्येक एकेकीच्याच मापाचा.

"त्ये मला ठावं. तू हो बाजूला."

आत्यांनी ती घडी माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतः उठून उमरग्याच्या बाईला दिली. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. मी कुंकू लावत पुढे आणि त्या देत मागे. माझ्या लक्षात यायच्या आधी ते अणदूरच्या नणंदबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी भुवया वर केल्या.

"वैनी, सुनंच्या हातनं द्या की. रीत हाय ती."

माझा हात करंड्यातच थांबला. मला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं, पण आत्यांनी वेळच दिला नाही.

"तिला वळखायचं न्हाय वो," आत्या म्हणाल्या. त्यांचा हात तसाच पुढे होता. "तुमचा निळा हाय. बाह्या कोपरापतूर, तुमाला लागत्यात तशा. घेता का ठिऊ?"

नणंदबाई निळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना लांब बाह्या लागतात हे त्यांच्या सुनेलाही आठवत नसेल. मग त्यांनी पदर पसरला. आत्यांनी झंपर त्यात ठेवला, वर हात दाबला आणि पुढच्या बाईकडे वळल्या. त्यानंतर कुणी रीत काढली नाही. प्रत्येकीला आपापला हवा होता, आणि तो देणारी एकच होती. म्हाताऱ्या आल्या, नवीन सुना आल्या, आणि प्रत्येकीने त्यांच्याच हातून घेतला, त्यांच्याच पाया पडल्या. मी कुंकू लावता लावता रडत होते, आणि ते दोघीतिघींच्या नाकावर लागलं.

पेटी रिकामी झाली. बायका जेवायला गेल्या. आत्या खुर्चीवर बसल्या आणि पाय चोळायला लागल्या.

"माझा कुठं आहे?" मी विचारलं. राग नव्हता, पण होतासुद्धा. "सगळ्यांचा शिवलात. माझ्याकडे माप मागितलं नाहीत."

"तुला मागितलं असतं तर तू वळखलं असतंस. आन बुधवारी छापलं असतंस."

आत्यांनी कमरेच्या पिशवीतून एक पीस काढला, न शिवलेला, चारी कडा नीट जुळवलेला. मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कारण देव्हारा घरी होता आणि ठेवायला जागा दिसत नव्हती. त्यांनी माझा हात ओढला, तळवा वर केला आणि पीस त्यावर ठेवला.

"शिऊन घे," त्या म्हणाल्या. "फिरवू नको."

सासरे गेल्यापासून त्यांनी माझ्यासाठी म्हणून माझ्या हातात दिलेली ती पहिली वस्तू होती. मी करंडा खाली ठेवला आणि दुसरा हातही पुढे केला.